घोटा दुखायचा थांबला, म्हणजे बरा झाला का?

सातारा परिसरात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या आणि गेली चार वर्षे नियमित धावणाऱ्या एका ४१ वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. तीन आठवड्यांपूर्वी यवतेश्वरचा घाट उतरताना रस्त्याच्या कडेच्या खडीवर त्यांचा उजवा पाय आत वळून मुरगळला. घोटा सुजला, तिसऱ्या दिवशी टाचेपर्यंत काळानिळा झाला आणि चार-पाच दिवस त्यांना लंगडतच चालावे लागले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, त्यामुळे क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि 'आराम करा' एवढ्यावर उपचार संपले. सोळाव्या दिवशी त्या सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर धावल्या आणि संध्याकाळी सूज परत आली. आता सपाटीवर चालताना काही वाटत नाही. मात्र जिना उतरताना ओढ बसते, उकिडवे बसता येत नाही आणि खडबडीत जमिनीवर पाय दगा देईल असे वाटत राहते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला सहा आठवडे उरले आहेत. धावण्याच्या ग्रुपमधील ज्येष्ठ म्हणतात की धावता धावताच पाय मोकळा होतो. सासूबाई म्हणतात की गावातल्या लचक उतरवणाऱ्याकडून एकदा चोळून घे. यजमान म्हणतात की या वर्षी धावणे बंदच ठेव. याच पायाचा घोटा कॉलेजात खो-खो खेळताना मुरगळला होता आणि तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा मुरगळतो. त्या विचारतात: कोणाचे ऐकू? घोट्याचा पट्टा घेऊ का? आणि शर्यत धावू की नको?

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर एकाच वाक्यावर अडली: 'हाड मोडलेले नाही, नुसती लचक आहे, तरी तीन आठवडे झाले.' यातला 'नुसती' हा शब्द आपण आधी बाजूला ठेवू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचे मूळ त्या शब्दात आहे. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध, ज्यांना आपण सर्रास लिगामेंट म्हणतो, ते दिसत नाहीत. पाय आत वळला की बाहेरच्या घोट्यापासून पुढे पावलाकडे जाणारा अस्थिबंध सर्वांत आधी ताणला जातो, आणि जोर जास्त असेल तर त्याच्या खालचा, टाचेच्या हाडाकडे जाणारा दुसराही. तंतू केवळ ताणले गेले तर ती पहिल्या श्रेणीची लचक, त्यांतले काही तुटले तर दुसऱ्या आणि अस्थिबंध पूर्ण तुटला तर तिसऱ्या श्रेणीची. तुम्ही केलेले वर्णन दुसऱ्या श्रेणीशी जुळते, असे मला वाटते. पण घोटा हातात घेऊन तपासल्याशिवाय ते ठामपणे सांगणे योग्य होणार नाही.

तुटलेले तंतू भरून येण्याला त्यांची स्वतःची गती असते. पहिले काही दिवस सुजेचे. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत शरीर तेथे नवे तंतू घालते. हे तंतू शिंप्याने घातलेल्या कच्च्या टाक्यासारखे असतात, कापड जागेवर धरतात, पण जोराचा हिसका बसला की उसवतात. पक्की शिलाई पुढे कित्येक महिने चालते, आणि ती कोणत्या दिशेने पडावी हे त्या भागावर पडणाऱ्या ताणावरून ठरते. म्हणून पाय पूर्ण स्थिर ठेवला तर शिलाई सरळ येत नाही, आणि घाईने हिसके दिले तर कच्चा टाकाच तुटतो. सोळाव्या दिवशीच्या तीन किलोमीटरनंतर आलेली सूज ही याचीच खूण होती. त्या एका धावेने तुमचे फार मोठे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तेवढा भार झेलायला घोटा अजून तयार नव्हता, एवढेच त्यावरून कळले.

पाय उतारावरच का मुरगळला, याचा उलगडाही उपयोगाचा आहे. पावलाचे सर्वांत वरचे हाड आतल्या आणि बाहेरच्या घोट्यांच्या मधल्या खाचेत बसते. हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असते. त्यामुळे पाऊल वर उचललेले असताना ते खाचेत घट्ट बसते, तर बोटे खाली झुकली की त्याचा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा थोडा सैल पडतो. घाट उतरताना जमिनीला भिडण्यासाठी पाऊल वारंवार असेच खाली झुकते, वेग वाढलेला असतो, चढामुळे पोटऱ्या आधीच थकलेल्या असतात, आणि त्यात पायाखाली खडी आली की तोल सावरायला पापणी लवण्याइतकाही वेळ मिळत नाही. हे लांबवर सांगण्याचे कारण असे की, तुमच्या शर्यतीचा निम्मा भाग नेमका याच उताराचा आहे. निर्णयाच्या वेळी आपण त्याकडे परत येऊ.

आता खो-खोकडे वळू. 'माझा घोटा तेव्हापासून कच्चाच आहे' असे तुम्ही लिहिता आणि ही जणू जन्माची खोड असल्याप्रमाणे पुढे जाता. माझा येथे नम्र मतभेद आहे. त्या वेळी तुम्ही चौथ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरलात, असे तुम्हीच कळवले आहे. १९६५ साली फ्रीमन या ब्रिटिश अस्थिरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला: अस्थिबंध हा नुसता दोर नव्हे, त्यात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूही असतात, आणि लचकेत त्यांनाही इजा होते. पाऊल किती वळले आहे ही वर्दी उशिरा पोहोचली की पोटरीच्या बाहेरच्या कडेचे जे स्नायू पाऊल सावरतात तेही उशिराच जागे होतात. दुखणे थांबते, सूज उतरते, पण ही जाण आपोआप पूर्ण परत येईलच असे नाही. ती पुन्हा शिकवावी लागते. फ्रीमन यांनी त्यासाठी एका पायावर आणि डगमगत्या फळीवर तोल सावरण्याचे व्यायाम सुचवले, आणि आजही घोट्याच्या उपचारात तेच मध्यवर्ती आहेत. तुमच्या घोट्याला ते शिक्षण कॉलेजात मिळाले नाही आणि नंतरच्या प्रत्येक लचकेनंतरही मिळाले नाही. पूर्वी लचक भरलेली असणे हे पुन्हा लचक भरण्याचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. म्हणून मी तुमच्या घोट्याला कच्चा म्हणणार नाही. त्याचा पहिला उपचार वीस वर्षे अर्धवट राहिला आहे, आणि तो या वयातही पुरा करता येतो.

कोणाचे ऐकू, असे तुम्ही विचारता. तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, आणि तिघांचेही तंतोतंत ऐकले तर नुकसान आहे.

यजमानांचा 'बंदच ठेव' हा सल्ला काळजीपोटी आला आहे आणि डॉक्टरांच्या 'आराम करा' या शब्दांशी तो जुळतोही. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चतुःसूत्र १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू त्यावरच चालत आले. याच मर्किन यांनी २०१४ साली आपले मत बदलले आणि दीर्घ आराम व सततचा बर्फ भरून येण्याच्या क्रियेला उशीर लावू शकतात, असे स्पष्ट लिहिले. आजचा साधारण विचार असा: पहिले दोन-तीन दिवस पाय जपावा, उंच ठेवावा, पट्टी बांधावी, दुखणे कमी व्हावे म्हणून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावायला हरकत नाही, आणि त्यानंतर सोसेल तेवढी हालचाल व सोसेल तेवढा भार लगेच सुरू करावा. अगदी गंभीर लचकेत डॉक्टर साधारण दहा दिवस पाय प्लॅस्टरमध्ये किंवा कडक पट्ट्यात ठेवतात, तो अपवाद. तुम्ही तीन आठवड्यांवर आहात. तुमच्यासाठी 'आराम' या शब्दाचा अर्थ फक्त 'धावू नका' एवढाच उरला आहे. बाकी सगळी हालचाल हाच आता उपचार आहे.

सासूबाईंच्या आंबेहळदीच्या लेपाबद्दल तुम्ही जरा संकोचाने लिहिले आहे; त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. कातडी फाटलेली नसेल, लेप कढत नसेल आणि वरून करकचून फडके बांधलेले नसेल, तर त्याने बरे वाटते आणि अपाय होत नाही. पण लचक 'उतरवण्यासाठी' घोट्याला हिसका देणे किंवा दुखऱ्या जागेवर जोर लावून तेल चोळणे, याला माझा स्पष्ट नकार आहे. लचकेत कोणतीही शीर चढलेली नसते आणि कोणतेही हाड जागचे हललेले नसते, की जे ओढून परत बसवावे. तेथे तुटलेले तंतू जुळत असतात आणि हिसक्याने ते पुन्हा तुटतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत तर गरम शेक आणि मालिश यांनी आतला रक्तस्राव व सूज वाढते. सासूबाईंना सांगा की घोटा सोडून पोटरीला हलक्या हाताने तेल लावून द्या. पोटरी तुमचीही नक्कीच आखडलेली असेल, आणि त्यांच्या मायेला मोकळी वाटही मिळेल.

ग्रुपमधील ज्येष्ठांच्या म्हणण्यातला खरा भाग एवढाच की हालचालीने सांधा मोकळा होतो. पण आखडलेपणा आणि अस्थिरता या वेगळ्या गोष्टी आहेत. धावता धावता आखडलेपणा दहा मिनिटांत जातो आणि सारे ठीक आहे असे वाटू लागते, तर अस्थिरता तशीच राहते आणि पुढच्या खडीवर ती प्रकट होते. दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन धावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही कृपया ऐकू नका.

पुढे जाण्याआधी, ज्यांचा पाय आज किंवा काल मुरगळला आहे अशा वाचकांसाठी थोडे थांबतो. प्रत्येक लचकेला एक्स-रे लागत नाही. तो केव्हा काढावा हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ साली काही सोपे नियम मांडले आणि जगभर ते वापरले जातात. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या टोकावर, अथवा त्याच्या मागच्या कडेने वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावरच बोट दाबल्यावर दुखत असेल; किंवा करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दाबल्यावर दुखत असेल; अथवा पाय मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. लहान मुले आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत या नियमांवर विसंबू नये, सरळ डॉक्टरांकडे जावे. पाय वेडावाकडा दिसणे, बोटे गार किंवा बधिर पडणे, अथवा काही दिवसांनी पोटरी सुजून दुखू लागणे, या खुणा दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तुमच्या बाबतीत हाडाची शंका मिटलेली आहे. तरीही एकदा एखाद्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष भेटा, विशेषतः एका कारणासाठी. कधी कधी इजा घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांना बांधणाऱ्या अस्थिबंधाला झालेली असते. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडे एकमेकांकडे दाबली किंवा पाऊल बाहेर वळवले की घोट्याच्या वर कळ येते, ही तिची खूण. ही लचक भरून यायला बराच जास्त वेळ घेते आणि तिचे वेळापत्रक वेगळे असते. तसेच सहा ते आठ आठवड्यांनंतरही खोल दुखणे, सांधा अडकणे किंवा वारंवार सूज येणे चालू राहिले, तर सांध्यातील कूर्चेला किंवा बाजूच्या स्नायूंच्या दोऱ्यांना इजा आहे का हे पाहण्यासाठी एमआरआयचा विचार करावा लागतो. आजच तो काढण्याची गरज मला तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

तुम्ही 'कधी धावू' असे विचारले आहे आणि उत्तर तारखेत मागितले आहे. मी तुम्हाला तारखेऐवजी काही कसोट्या देतो, आणि प्रत्येक वेळी तुलना तुमच्याच डाव्या पायाशी करा. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, एक पाऊल पुढे ठेवा आणि टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत राहील तोवर पाऊल थोडे थोडे मागे सरकवा आणि अंगठा व भिंत यांमधले अंतर मोजा. दोन पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. तुम्हाला उकिडवे बसता येत नाही आणि जिना उतरताना ओढ बसते, त्याचे कारण बहुधा येथेच सापडेल. नंतर एका पायावर तीस सेकंद उभ्या राहा, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग भिंतीजवळ, डोळे मिटून. उजव्या पायावर डोळे मिटताच तोल जाऊ लागला, तर मघाशी सांगितलेली जाण परत आलेली नाही हे तुम्हाला स्वतःलाच दिसेल. तिसरी कसोटी, एका पायावर उभे राहून टाच पूर्ण उचलणे; धावणाऱ्या व्यक्तीला हे सलग वीस-पंचवीस वेळा जमायला हवे.

व्यायाम या कसोट्यांतूनच निघतात. सांधा मोकळा करण्यासाठी भिंतीशी गुडघा टेकवण्याची हीच क्रिया दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी पंधरा वेळा करा. मांडी घालून बसण्याची आणि वज्रासनाची घाई मात्र करू नका: मांडी घातली की खालच्या पायाचे पाऊल आत वळून शरीराचे वजन थेट बाहेरच्या घोट्यावर येते, आणि वज्रासनात तोच पुढचा अस्थिबंध ताणला जातो. जेवायला काही आठवडे पाटाऐवजी खुर्चीवर बसा आणि शाळेत फळ्यापाशी तासन्‌तास उभे राहताना उजव्या पायावर कललेल्या राहू नका. उकिडवे बसणे आधी टाचांखाली दुमडलेले फडके ठेवून, खिडकीचा गज किंवा दाराची चौकट धरून करा आणि फडक्याची जाडी हळूहळू कमी करत जा.

पोटरीच्या बाहेरच्या कडेच्या स्नायूंसाठी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी पुरते. तिचे एक टोक पलंगाच्या पायाला आतल्या बाजूने बांधा, दुसरे पावलाभोवती अडकवा आणि गुडघा न हलवता पाऊल बाहेर वळवा. परत येताना ते पट्टीच्या ओढीने झटकन येऊ न देता सावकाश आणा, कारण मुरगळणारे पाऊल थोपवण्याचे काम नेमके त्या सावकाश परतीसारखेच असते. टाचा उचलण्याचा व्यायाम पायरीच्या कडेवर, कठड्याला हात लावून करा: सुरुवातीला दोन्ही पायांवर, आठवड्या-दीड आठवड्यात वर जाताना दोन्ही आणि खाली येताना एकट्या उजव्यावर, आणि शेवटी पूर्णपणे उजव्या पायावर.

तोल सावरण्याच्या व्यायामाला वेगळा वेळ काढायची गरज नाही. दात घासताना एक मिनिट उजव्या पायावर उभ्या राहा. ओट्यापाशीही राहता येईल, पण पेटत्या गॅसजवळ नको. जमिनीवर सहज जमू लागले की दुमडलेल्या सतरंजीवर, मग उशीवर, मग उशीवर उभे राहून भिंतीवर चेंडू टाकत झेलत. हा व्यायाम अंगाला घाम आणत नाही म्हणून धावपटूंना तो व्यायामच वाटत नाही आणि दुखणे थांबताच तो सर्वांत आधी सोडला जातो. तुमच्याकडून मात्र तो किमान तीन महिने, दुखत नसतानाही, रोज व्हावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि तुम्ही खो-खोच्या खेळाडू आहात, त्याचा येथे फार सुंदर उपयोग आहे. भिंतीजवळची कसोटी जमली आणि तोल सुधारला की अंगणात आठ वस्तू एका रेषेत ठेवा, मैदानात पाटीवर बसलेले आठ खेळाडू असतात तशा, आणि त्यांच्यामधून एकेरी साखळीने, म्हणजे नागमोडी, आधी चाला, काही दिवसांनी भरभर चाला आणि पुढे हलके धावा. दिशा बदलणे, पाऊल आडवे टाकणे, वेग मोडणे हे सरळ रस्त्यावर धावून कधीच शिकवले जात नाही. तुमच्या पायांना ते एके काळी येत होते. ज्या खेळात ही दुखापत झाली त्याच खेळाच्या चालीने ती बरी करता येते, हे मला फार समाधानाचे वाटते.

धावणे पुन्हा केव्हा? अर्धा तास भरभर चालल्यावर, त्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही, दुखणे-सूज नसेल आणि उजव्या पायावर दहा उड्या न बिचकता मारता येत असतील तेव्हा. प्रथम सपाट, गुळगुळीत रस्ता निवडा. एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला, असे आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. दहापैकी दोन-तीन इतकेच दुखले आणि ते सकाळपर्यंत गेले तर पुढच्या वेळी धावण्याचा वाटा थोडा वाढवा. सकाळी सूज दिसली तर एक पायरी मागे या, पूर्ण बंद करू नका. सलग अर्धा तास धावता येऊ लागल्यावर आधी चढ, मग मातीची वाट आणि सर्वांत शेवटी उतार. पहिला घाट-उतार चालतच उतरा, दिवसाउजेडी आणि सोबत घेऊन. या काळात दम टिकवण्यासाठी सायकल आणि पोहणे आहेच. पोहताना सुरुवातीला ब्रेस्ट स्ट्रोकची लाथ टाळा.

घोट्याच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात. क्रेप बँडेज दाब देते, पण पाऊल वळण्यापासून फारसे रोखत नाही, त्यामुळे तिचे काम आता संपले. लेस बांधण्याचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला आधार घ्या. आधी लचक भरलेल्या खेळाडूंमध्ये अशा आधाराने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते आणि त्याने स्नायू दुबळे होतात ही भीती फारशी खरी नाही. घरात आणि व्यायाम करताना तो नको. धावताना आणि खडबडीत वाटेवर सहा महिने ते वर्षभर वापरा. दुकानात मोजा आणि धावायचा बूट घालूनच तो बसतो का पाहा. तो घातला म्हणून मात्र उशीवरचा तोल चुकवू नका.

आता शर्यत. सहा आठवड्यांचा हिशेब मांडू: कसोट्यांना उतरण्यास दोन आठवडे लागतील असे धरू, धावणे-चालणे ते सलग अर्धा तास यात आणखी दोन ते तीन, म्हणजे चढ-उताराच्या सरावाला जेमतेम एक-दोन आठवडे उरतात, आणि हा हिशेब सगळे सुरळीत झाले तर. शर्यत २१ किलोमीटरची, पूर्वार्ध चढाचा, आणि मग थकलेल्या पोटऱ्यांनी तोच घाट खाली, बहुधा ओल्या रस्त्यावर आणि गर्दीत. ज्या एका कामासाठी घोटा सर्वांत शेवटी तयार होणार आहे, तेच काम त्या दिवशी दहा किलोमीटर करावे लागणार. तुम्ही सल्ला मागितला आहे म्हणून स्पष्ट सांगतो: या वर्षी ही शर्यत धावू नका. 'चढ धावेन आणि उतार चालेन' हा पर्यायही मी विचारात घेऊन पाहिला. पण चारही बाजूंनी माणसे उतरत असताना आणि मैत्रिणी पुढे जात असताना कोणी शांतपणे दहा किलोमीटर चालत राहते, असा माझा अनुभव नाही.

जानेवारीपासूनचे कष्ट वाया गेले, असे तुम्ही लिहिले आहे. मला ते तसे दिसत नाही. चार वर्षांत कमावलेला दम सायकलवर बऱ्यापैकी टिकतो आणि जे थोडे जाते ते काही आठवड्यांत परत मिळते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात आणि मुंबईत सपाट-सौम्य रस्त्याच्या शर्यती असतात, मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. त्या मोसमातील एखादी दहा किंवा एकवीस किलोमीटरची शर्यत तुमच्या घोट्याला पुरेसा वेळ देईल. घाट पुढच्या पावसाळ्यात, उतारांचा वेगळा सराव करून. रद्द केलेल्या शर्यतीचे दुःख खरे असते, आणि ते यजमानांजवळ 'तुमचेच खरे झाले' असे म्हणून गिळण्यापेक्षा मोकळेपणाने बोलून टाका. त्यांनाही सांगा की धावणे बंद झालेले नाही, उशीवर उभे राहणे हेच सध्या तुमचे धावणे आहे.

शर्यतीच्या दिवशी घरी बसू नका. मैत्रिणींबरोबर पहाटे जा आणि उतारावर पाणी देणाऱ्यांच्या मदतीला कोठेतरी उभ्या राहा. तेथे एखादी धावपटू कडेला घोटा धरून बसलेली दिसली, तर तिला आधार देऊन चार पावले टाकता येतात का ते पाहा, बुटाची नाडी सैल करा, पाय उंच ठेवायला लावा, आणि कोणी तेल घेऊन चोळायला पुढे आले तर त्याला हात जोडून थांबवा.